मदत हवी आहे: झोपाळ्यांखालच्या वाळूत पाणी साचतं, निचरा कसा करावा?

सार्वजनिक बागेतली जमीन काळी, भारी. झोपाळ्यांखाली खड्डा घेऊन 30 सेंमी धुतलेली वाळू भरली आहे. पावसाळ्यात त्याची टाकी होते, कारण काळी माती फुगली की पाणी खाली मुरू देत नाही. माती वाळूत मिसळते आणि ऑक्टोबरात थर असा आवळतो की पडणाऱ्या मुलाला मऊपणा उरतच नाही. हे फार धोक्याचं आहे.

विचार असा आहे: तळाला 1:100 उतार, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), 20 मिमी खडीचा 15 सेंमी थर, त्यात 4 इंची छिद्रांचा पाइप, वर पुन्हा जिओटेक्स्टाइल आणि नवी वाळू. अडचण एकच, बाहेरचं गटार खड्ड्याच्या तळापेक्षा उंच आहे. शोषखड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा का? की भोवती कठडा बांधून वाळूच वर उचलावी? तसं केल्यास साखळ्या आखूड कराव्या लागतील, नाहीतर बैठक आणि वाळू यांत 35 सेंमी अंतर राहणार नाही. साखळ्या उतरवल्याच तर झिजलेले एस-हुकही बदलू.

रबरी फरशा नकोत. उन्हात पाय भाजतात. भुकटीयुक्त क्रश सँडही (दगड फोडून केलेली वाळू) नको, ती दाबून घट्ट बसते.

काळ्या जमिनीत हे काम केलेल्यांनी कृपया सांगावं.