सरकारी वकिलाचं काम फक्त 'विरोध' लिहायचं?

शिक्षा झालेल्या कैद्याच्या अर्जावर सरकारी वकील डोळे झाकून विरोध लिहितो, असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. मी स्वतः सरकारी वकील आहे. जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या गुन्ह्यात अपील चालू असताना सुटका मागितली, तर आम्हाला लेखी हरकतीची संधी द्यावीच लागते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४३०). तिथं विरोध होतो, व्हावाही.

पण साताऱ्यात माझ्या टेबलावर कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून साधे अर्जही येतात: खटल्याच्या काळात आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करा. हा हक्कच आहे, जुन्या संहितेत कलम ४२८, नव्या संहितेत ४६८. तारखा जेलच्या दाखल्याशी जुळल्या की मी सरळ 'हरकत नाही' लिहितो. घोळ होतो दंडापायी. दंड न भरल्याच्या कैदेला ही वजावट नाही, आणि ती कैद इतर शिक्षेसोबत एकत्र, म्हणजे एकाच वेळी, भोगताही येत नाही. एकत्र भोगता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये स्पष्ट केलंय. चोरीच्या तीन-चार कलमांतला माणूस निकालातल्या 'एकत्र भोगाव्यात' या ओळीवर विसंबतो आणि हजार-दोन हजारांच्या दंडापायी महिना-महिना जास्त आत राहतो. दंड भरला की ती कैद तिथंच संपते. घरच्यांना हे सहसा कुणी सांगत नाही, त्यांचा वकीलसुद्धा.