फेराइट ट्रान्सफॉर्मरच्या लाइनवर लीन आणायचंय, सुरुवात कुठून करू?

तार-बॉबिन (नाशिक):
अंबडला आमचं २२ जणांचं युनिट आहे, चार्जरमध्ये बसणारे ट्रान्सफॉर्मर करतो. गेल्या महिन्यात ५०० नगांचा लॉट वार्निश होऊन ओव्हनमधून निघाला आणि फायनल टेस्टिंगला निम्म्याहून जास्त नगांचा इंडक्टन्स (गुंडाळीचा चुंबकीय गुण) कमी भरला. वार्निश पक्कं झालं की कोअर, म्हणजे फेराइटचा गाभा, सोडवता येत नाही, फुटतो. तेवढा माल भंगारात गेला. आता ग्राहक म्हणतो, लीन राबवा, म्हणजे वाया जाणारा माल आणि वेळ कमी करा. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, रॅकना नावं लावली, तरी क्रेटचे ढीग तसेच. एकेक नग पुढे द्यायचा म्हणतात, पण ओव्हन तर भरूनच लावावा लागतो. त्याचं काय करू?

सरळरेषा (पुणे):
आधी टाक्ट टाइम काढा, म्हणजे मागणी भागवायला एका नगामागे किती वेळ मिळतो ते. ८ तासांतून जेवण-चहाची ५० मिनिटं गेली की ४३० उरतात. रोज ८६० नग द्यायचे असतील तर दर ३० सेकंदांना एक. ज्या कामाला त्याहून जास्त वेळ लागतो, तिथेच माणूस वाढवा.

भोसरीची ताई:
दादा, ओव्हनला हात लावू नका, तो लॉटनेच चालणार. चूक तपासणीच्या जागेत आहे. मी १६ वर्षं याच कामात आहे, त्यातली पहिली ७ वाइंडिंग मशीनवर. आमच्याकडेही असंच झालं होतं. कोअरच्या दोन अर्ध्यांमध्ये टेपची किनार अडकायची. केसाएवढी फट वाढली तरी इंडक्टन्स पडतो. पण कोअर बसवणारीला ते कळणार कसं? तिचा माल चार दिवसांनी तपासला जायचा.

आम्ही इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर उचलून तिच्या उजव्या हाताशी ठेवला. वार्निशनंतर रीडिंग थोडं सरकतं, म्हणून वार्निशआधीच्या या तपासणीची मर्यादा जरा घट्ट धरली. हायपॉट, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणं, मात्र शेवटीच राहू दिलं. क्रेट बंद करून १० खाचांचे ट्रे आणले. रिकामा ट्रे परत आला तरच पुढचे दहा बॉबिन (तार गुंडाळायची रिळं) भरायचे, टोयोटावाल्यांचं कानबान ते हेच. एका ट्रेत दोन नग फेल झाले की लाइन बंद. पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच-सहा वेळा थांबली, मालक अस्वस्थ व्हायचे. पण थांबलो म्हणूनच टेप कापायचं पातं बोथट झालेलं सापडलं.

एक विचारते, वाइंडिंगच्या बायकांना नगावर पैसे देता का? देत असाल तर ढीग होणारच. रिकाम्या ट्रेची वाट बघत बसली तर तिची मजुरी बुडते, मग ती का थांबेल? आधी दिवसाचा पगार ठरवा, मग ट्रे आणा. नाहीतर सगळा भार त्यांच्या पदरात पडतो आणि ते मला अजिबात पटत नाही.

तार-बॉबिन (नाशिक):
हो ताई, नगावरच देतो. उद्या मालकांशी बोलतो. मीटर आजच हलवला. पहिल्या ४० नगांत ३ कमी भरले. उघडून पाहिले तर दोन नगांत टेप अडकलेली, तिसऱ्यात कोअरचा टवका उडालेला.