बॅन्फ ते व्हँकुव्हर, तंबूत नऊ दिवस: जमेल का? आणि जेवणाचं काय?

प्रीतिसंगम

नमस्कार. आम्ही चौघे कराडच्या कॉलेजातले मित्र, बारा वर्षांनी एकत्र भेटतोय. दोघं पुण्याहून येतायत, मी आणि एक जण टोरांटोहून. १० जुलैला कॅनडात कॅलगरीला उतरणार. भाड्याची एसयूव्ही, दोन तंबू. बॅन्फ, लेक लुईस, जॅस्पर, वेल्स ग्रे, व्हिस्लर, टोफिनो आणि व्हँकुव्हरहून परतीचं विमान असा नऊ दिवसांचा बेत आहे. बॅन्फ आणि जॅस्परला दोन-दोन रात्रींची जागा मिळालीय, बाकी अजून काही ठरलेलं नाही.

फार घाई होतेय का? आणि दुसरं, पुण्याचे दोघंही शाकाहारी, त्यातल्या एकाला पथ्य आहे. नऊ दिवस ब्रेड-चीजवर त्याला झेपणार नाही. कॅम्पग्राउंडवर पिठलं-भात केला तर चालतो का? फोडणीच्या वासाने अस्वलं येतात असं कुणीतरी सांगितल्यापासून घरच्यांनी धसका घेतलाय.

बो_काठ

कॅलगरीत माझं हे अकरावं वर्ष. दर उन्हाळ्यात आम्ही तीन मैत्रिणी तंबू घेऊन निघतो, म्हणून जेवणाचं आधी सांगते.

पिठलं-भात खुशाल करा. अस्वलाला फोडणी काय, बर्गर काय आणि टूथपेस्ट काय, सगळे वास सारखेच. जपायचं ते जेवण झाल्यानंतर.

पहिल्या वर्षी आमच्याकडून चूक झाली. जेवून तळ्यापर्यंत चक्कर मारायला गेलो आणि टेबलावर तेलाची बाटली न् लसणाच्या चटणीचा डबा तसाच राहिला. वीस मिनिटांत परतलो तर दोन्ही गायब, जागेवर चिठ्ठी: सामान ऑफिसात आहे, येऊन भेटा. तिथल्या बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा तंबूंकडे येतं, आणि शेवटी त्याला गोळी घालायची वेळ येते. आमच्या चटणीपायी त्या जनावराचा जीव गेला असता. हे मनातून अजून जात नाही.

तेव्हापासून शेवटचा घास संपला की एक जण भांडी घेऊन धुण्याच्या जागी जाते (ते पाणी जमिनीवर ओतायचं नाही), दुसरी स्टोव्ह, मसाल्याचा डबा, कूलर, कचरा, साबण, अगदी औषधाच्या गोळ्यासुद्धा गाडीत किंवा लोखंडी लॉकरमध्ये ठेवते. स्वयंपाक करताना घातलेले कपडेही गाडीतच. तंबूत खायचं काहीही नाही, पाण्याखेरीज. कोरडं सामान कॅलगरीतच भरा: भाजणी, मेतकूट, बेसन, तांदूळ, मूगडाळ. आम्ही खिचडीचे डाळ-तांदूळ घरीच मसाला घालून परतून डब्यात नेतो, तिथे नुसतं पाणी उकळायचं. पथ्याच्या माणसाला हे बरं पडेल. गॅसचा डबा आणि बेअर स्प्रे (अस्वलाला हुसकवायचा तिखट फवारा) विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, दोन्ही इथे उतरल्यावर घ्या. स्प्रे कमरेला हवा. सॅकच्या तळाशी गेलेला स्प्रे वेळेला हाती लागत नाही. जुलैच्या मध्यापासून रस्त्याकडेची बफेलोबेरी पिकायला लागते आणि अस्वलं तिथेच चरत असतात. दिसलं तर गाडीतून उतरू नका. पायी असाल तर किमान १०० मीटर अंतर ठेवा.

थंडीचं पुण्याच्या मित्रांना आजच कळवा. जुलैतही रात्री तीन-चार अंशांवर उतरते. स्लीपिंग बॅग चांगली असली तरी खाली जाड मॅट नसेल तर जमीन ऊब ओढून घेते.

सह्यवेडा

टोफिनो सोडा. ते बेटावर आहे. फेरी आणि जाण्या-येण्यात दोन दिवस संपतात. लेक लुईस ते जॅस्पर हा २३० किलोमीटरचा रस्ताच मुळी सहलीचा गाभा आहे, आणि तुम्ही तो एका दुपारी उरकणार असं दिसतंय. मध्ये फोन लागत नाही. पेट्रोल फक्त सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगला, तेही महाग, म्हणून लेक लुईसला टाकी भरून घ्या.

अथाबास्का हिमनदीकडे पायी जा. वाटेत वर्षांच्या पाट्या लावल्यात, त्या साली बर्फ कुठपर्यंत होता ते दाखवणाऱ्या. १९९२ च्या पाटीशी मी बराच वेळ उभा राहिलो. तेव्हा मी शाळेत होतो, आणि तिथून आताच्या बर्फापर्यंत नुसता दगडगोटा. जॅस्परजवळ जुलै २०२४ च्या वणव्यात जळालेली झाडं मैलोन् मैल उभी आहेत, तेही बघवत नाही.

लेक लुईसजवळच्या मोरेन लेकला स्वतःची गाडी नेता येत नाही. शटलची काही तिकिटं दोन दिवस आधी सकाळी आठला उघडतात, तेव्हा फोन हातात ठेवून बसा.

प्रीतिसंगम

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री चौघं फोनवर बोललो. टोफिनो आणि व्हिस्लर काढलं. वेल्स ग्रेही काढलं, जिवावर आलं तरी. आता लेक लुईसला दोन रात्री आणि शेजारच्या योहो राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री बघतोय, कॅलगरीलाच परत. व्हँकुव्हरचं तिकीट बदलावं लागेल. लेक लुईसला तंबूंसाठी वेगळं कॅम्पग्राउंड आहे का?

बो_काठ

हो, तंबूवाल्या भागाला विजेचं कुंपण आहे. दुसरा भाग फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्यांसाठी, बुकिंग करताना नीट बघून घ्या. घरच्यांना कुंपणाचं आवर्जून सांगा, त्यांना रात्री झोप लागेल. योहोत टाकाक्कॉ धबधबा चुकवू नका.

कॅलगरीलाच परत येणार असाल तर दोन बर्नरचा स्टोव्ह आणि चार जाड मॅट माझ्याकडून घेऊन जा. १० तारखेला मी घरीच आहे. विमानाची वेळ व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.