चर्चा: अन्नविज्ञानाच्या पदवीधराला आधी काय यायला हवं, आकडेमोड की कारखान्यातली उत्पादनाची लाइन थांबवणं?

तापमापी
'संवादकौशल्य हवं' हे ऐकून कान किटले. आधी आकडेमोड पक्की हवी. कमी आम्लाच्या डबाबंद पदार्थाला १२१.१ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण रिटॉर्ट (डबे दाबाखाली तापवणारं यंत्र) ११६.१ वरच अडकला तर? झेड-मूल्य, म्हणजे जेवढं तापमान घसरलं की दहापट वेळ लागतो तो फरक, १० अंश धरलं तर तेवढ्याच मारकतेला (जंतू मारण्याच्या परिणामाला) सुमारे साडेनऊ मिनिटं लागतात, तीही डब्यात सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागी. नुसता १ अंश कमी पडला तरी मारकता सुमारे २० टक्क्यांनी घटते. हे ज्याला मांडता येत नाही तो 'थोडंच कमी आहे' म्हणत चार्टवर सही करून मोकळा होतो.

लाइनवाला
साफ असहमत. रिटॉर्टचं तापमान घसरलं तर त्या मालाचं काय करायचं, हे औष्णिक प्रक्रियेचा तज्ज्ञ ठरवतो. नव्या माणसाने माल अडवायचा, 'होल्ड'चं लेबल लावायचं, नोंद करायची, वर कळवायचं. मेटल डिटेक्टरचं घ्या. दर अर्ध्या तासाला लोखंड, अलोह धातू आणि स्टेनलेस स्टील असे तीन टेस्ट पीस फिरवतात. ११ वाजता स्टेनलेसचा तुकडा पकडला गेला नाही, तर १०:३० च्या यशस्वी चाचणीनंतरचा सगळा माल बाजूला काढून पुन्हा तपासायचा. नियम कुणालाही सांगता येतो. गाडी भरायला उभी असताना, वयाने मोठ्या ऑपरेटरला न दुखावता लाइन थांबवायला लावणं, तिथे भले भले गडबडतात.

चाचणीघर
अहो, पण आकडाच चुकीचा असेल तर गणित काय आणि धीटपणा काय! आम्लीकृत (आम्ल घातलेल्या) भाज्यांचा समतोल पीएच, म्हणजे आम्ल सगळीकडे सारखं मुरल्यावरचा पीएच, ४.६ किंवा त्याखाली हवा. बरेच जण नुसतं वरचं पाणी तपासतात. आम्ल तुकड्याच्या गाभ्यात पोचलेलं नसतं, तरी आकडा छान येतो. पाणी निथळून तुकडे वाटायचे आणि त्या लगद्याचा पीएच घ्यायचा. त्याआधी ४ आणि ७ च्या ताज्या बफरवर (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणावर) मीटर जुळवायचा. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतायचं नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि मुलाखतीत हे कुणी विचारत नाही.

तापमापी
@चाचणीघर, मापनाचं मान्य. @लाइनवाला, तज्ज्ञ रोज हाताशी नसतो. २ लिटरची पाककृती त्याच आकाराच्या ५०० लिटरच्या कढईत नेली की घनफळ २५० पट होतं, तापणारा पृष्ठभाग जेमतेम ४० पट. शिजायला वेळ लागतो, रंग काळवंडतो. हे आधी कळायला गणितच लागतं.

लाइनवाला
कळेल की, पण ढवळणी तळाला पोचते का, वाफेचा दाब कधी पडतो, हे कढईवरच्या माणसालाच ठाऊक असतं. त्याला न विचारता काढलेला वेळ पहिल्याच बॅचला कोसळतो. आणि विचारल्यावर तो खरं सांगेल, एवढा विश्वास आधी कमवावा लागतो.