विदित गुजराथी: निकाली कुस्ती की बरोबरीत सुटलेली?

पेठेतलं प्यादं

परवा रात्री कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर भांडण झालं, ते अर्धवट राहिलं म्हणून इथं पुरं करतो. म्हशीचं धारोष्ण दूध हातात, फेसही अजून बसला नव्हता, आणि मी म्हणालो, विदित गुजराथी हा महाराष्ट्राचा आजवरचा सगळ्यात मोठा बुद्धिबळपटू आहे आणि सगळ्यात मोठी हुरहूरही तोच आहे. पहिल्या अर्ध्या वाक्याला सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्याला दोघं उठून उभेच राहिले.

माझं म्हणणं असं. नाशिकचं पोरगं. २००८ मध्ये व्हिएतनामला चौदा वर्षांखालच्या खुल्या गटात जगज्जेता, त्या गटात हे करणारा पहिला भारतीय. २०१३ मध्ये ग्रँडमास्टर. २०१७ मध्ये २७०० चं मानांकन (खेळाडूची ताकद दाखवणारे गुण) ओलांडलं. त्याआधी भारतात हे फक्त आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्णला जमलं होतं. २०१८ ला नेदरलँड्समधल्या वाइक आन झेच्या चॅलेंजर्स गटात पहिला, २०१९ ला स्वित्झर्लंडमधल्या बीलला पहिला. घोडं चौखूर सुटलेलं.

आणि मग? विश्वचषकात २०२१ आणि २०२३, दोन्ही वेळा उपांत्यपूर्व फेरीत गाडी अडली. २०२४ मध्ये टोरांटोला आव्हानवीरांची स्पर्धा झाली, म्हणजे जिथला विजेता थेट जगज्जेत्याशी लढतो ती. आठ जणांत हा सहावा, १४ डावांत ६ गुण. तिथं गुकेशनं याला हरवलं, स्पर्धा जिंकली आणि डिसेंबरात सिंगापूरला तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनला हरवून तो जगज्जेता झाला. विदित पोरांचा जगज्जेता झाला तेव्हा हा गुकेश दोन वर्षांचा होता!

खासबागेत तासभर नुसती खडाखडी झाली आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, तर आपण टाळ्या वाजवतो का? शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतो. मला निकाली कुस्ती पाहिजे. बोला आता.

गंगावेसकर

उठून उभा राहिलेल्या दोघांतला एक मी. दुधाचे पैसेपण मीच दिले, तेवढं लिहायचं विसरलास भावा.

टोरांटोचं तू अर्धंच सांगितलंस. दुसरी फेरी. समोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा, सलग ४७ डाव हरलेला न्हवता गडी. पांढरी मोहरी त्याची. अकराव्या चालीला विदितनं उंट उचलला आनि थेट एच-३ घरातल्या, राजापुढच्या प्याद्यावर घातला. प्याद्यापायी उंट! किल्लेकोटाची भिंतच पाडली की रं. मी रात्री जागून बघत होतो, बायको म्हणाली झोपा आता, मी म्हटलं थांब, ह्यो काय तरी करतोय. नाकामुरा गेला. नवव्या फेरीत परत गाठ पडली, ह्या खेपेला पांढरी विदितकडं. परत आडवा केला.

आता हिशेब ऐक. शेवटी गुकेश ९, नाकामुरा साडेआठ. विदितच्या त्या दोन डावांतला एक जरी बरोबरीत सुटला असता तर नाकामुरा गुकेशच्या बरोबरीला येऊन बसला असता. निकाली कुस्ती पाहिजे म्हणतोस, मग ह्या काय पोरखेळ होत्या व्हय?

हिशेबाची वही

गंगावेसकर, अर्धं सांगण्याचा मान तुम्हालाही द्यायला हवा. त्याच स्पर्धेत चौथ्या फेरीत विदित रशियाच्या नेपोम्नियाशीकडून, म्हणजे नेपोकडून हरला, आणि अकराव्या फेरीत पुन्हा त्याच्याकडूनच. नेपोनं संपूर्ण स्पर्धेत तीन डाव जिंकले, त्यांतले दोन विदितवर. तोही साडेआठवर थांबला. म्हणजे नाकामुराकडून दोन गुण वसूल केले आणि नेपोच्या पदरात दोन टाकले. गुकेशवर उपकारबिपकार काही झाले नाहीत, जमाखर्च बरोबर.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२३ चा बाकूचा विश्वचषक. विदितनं नेपोला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावांत बाहेर काढलं, केवढा मोठा विजय. पुढच्याच फेरीत समोर अझरबैजानचा निजात अबासोव, मानांकनात कितीतरी खालचा. टायब्रेकमध्ये त्याच्याकडून हरला! त्या विजयाच्या जोरावर अबासोव उपांत्य फेरीत गेला, तिथून टोरांटोला, आणि टोरांटोत साडेतीन गुणांसह शेवटचा आला. थोराला पाडायचं आणि पुढच्या वळणावर घसरायचं. याला हुरहूर नाही तर काय म्हणायचं? प्याद्याच्या बाजूनं माझं एक मत.

अडीच घरं

मी राजारामपुरीत घरीच मुलांना बुद्धिबळ शिकवते. हॉलमध्ये सहा पट मांडले की आलेल्या पाहुण्यांना उभ्यानंच चहा प्यावा लागतो, तेव्हा माझं मत थोडं घरगुती समजा.

«खालच्या खेळाडूसमोर घसरला» हे म्हणणं फार सोपं आहे. मानांकनाचं गणित बघा. २७०० चा खेळाडू २५०० वाल्याशी खेळतो तेव्हा त्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा धरलेली असते. जिंकला तर त्याच्या खात्यात २.४ गुण जमा होतात. नुसती बरोबरी झाली तरी २.६ जातात. हरला तर ७.६. एक हार भरून काढायला तीन विजय, आणि तरी खिशात चिल्लर कमीच. म्हणून या उंचीवरचे बरेच जण खुल्या स्पर्धांपासून लांब राहतात, निमंत्रितांच्या स्पर्धांत आपापसांत खेळतात आणि मानांकन जपतात.

आणि हा माणूस २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विस या भल्यामोठ्या स्पर्धेत उतरला. अकरा फेऱ्या. पहिल्याच फेरीत एर्विन लामीकडून हरला. पहिल्याच! त्यानंतरच्या दहा डावांत त्यानं साडेआठ गुण काढले. एकूण ११ पैकी साडेआठ, नाकामुरा अर्ध्या गुणानं मागे, आणि आव्हानवीरांचं दार उघडलं. त्याच वेळी महिलांची ग्रँड स्विस भारताच्याच वैशालीनं जिंकली.

माझ्याकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात एका स्पर्धेत पहिली फेरी हरला आणि टेबलाखाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला. पाच मिनिटं झाली, नाडी काही बांधून होईना. रडतोय हे कळत होतं, पण मीही वाकून पाहिलं नाही. मग मोबाइलवर विदितच्या त्या स्पर्धेचा तक्ता काढला आणि टेबलाखाली सरकवला. खालूनच आवाज आला, «ताई, हा पण शून्यावर होता?» त्या मुलाला मी पेठेतल्या प्याद्याचं मत वाचून दाखवणार नाही, एवढं नक्की.

पेठेतलं प्यादं

ताई, नाडीवर माझ्याकडं उत्तर नाही. ग्रँड स्विस निकाली होती, मान्य. ती मी पहिल्या पोस्टमध्ये गाळली ही माझी लबाडी, तीपण मान्य. पण पोराला धीर द्यायला एक तक्ता पुरतो, कारकीर्द तोलायला सगळे तक्ते लागतात. बाकू आणि टोरांटोचं पान फाडून टाकता येत नाही.

चहाटळ

यूट्यूबवर जास्त रमला, दुसरं काही नाही. लॉकडाऊनमध्ये विनोदवीर समय रैनाबरोबर हास्यविनोद चालले होते तेव्हाच आम्ही ओळखलं होतं.

गंगावेसकर

चहाटळ, त्याच २०२० मध्ये ऑनलाइन ऑलिंपियाडला, देशादेशांच्या सांघिक बुद्धिबळ स्पर्धेला, भारताचा कर्णधार कोण होता? विदित. सुवर्ण मिळालं, रशियाबरोबर वाटून. फायनलमध्ये निहाल सरीन आनि दिव्या देशमुख, दोघांचं इंटरनेट ऐन डावात गेलं म्हणून वाटून घ्यावं लागलं. आनि त्या यूट्यूबमुळं माझा मेहुणा बुद्धिबळ शिकला, जो आधी कॅरमची सोंगटीपण सरळ मारत न्हवता. वर्ष झालं, अजून हरतोय बिचारा, पर खेळतोय.

लाल मातीचा म्हातारा

टायपिंग नातू करतो आहे, चुका त्याच्या, मतं माझी.

बुद्धिबळातलं मला उंट तिरका चालतो एवढंच कळतं. पण इथं कुस्तीचं नाव निघालं म्हणून बोलतो. बरोबरीच्या कुस्तीला शिट्ट्या मारणारे सगळे कठड्याबाहेरचे. आत उतरलेल्याला विचारा. समोरचा वजनानं जड, दम संपत आलेला, मान त्याच्या काखेत, आणि तरी पाठ टेकू द्यायची नाही. ती बरोबरी घेऊन मी घरी आलो तेव्हा वस्तादांनी मला खुराक वाढवून दिला होता.

नातू सांगतो की २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतानं खुल्या गटात पहिल्यांदा सोनं घेतलं. चार पट असतात, गुकेश पहिल्या, प्रज्ञानंद दुसऱ्या, अर्जुन तिसऱ्या आणि विदित चौथ्या पटावर. विदित त्या स्पर्धेत एकही डाव हरला नाही म्हणे. आता मला सांगा, वरच्या पोरांनी बिनघोर डाव टाकायचे तर खाली कुणीतरी पाय रोवून उभं लागतं की नको? तालमीत अशा माणसाला जोडीचा गडी म्हणतात. त्याचं नाव फलकावर मोठ्या अक्षरात येत नाही.

आणि सहावा नंबर म्हणून नाक मुरडता? खाशाबा १९४८ ला लंडनला गेले तेव्हा कितवे आले होते, ते राजाराम कॉलेजच्या पोरांना तरी ठाऊक असावं. सहावेच. चार वर्षांनी हेलसिंकीचं कांस्य आलं.

पेठेतलं प्यादं

आजोबा, नमस्कार. खाशाबांचं नाव काढलंत, आता माझा आवाज आपोआप खाली येतो. कोल्हापुरात त्या नावापुढं वाद होत नाही.

तरी विचारतोच. खाशाबांचं सहावं स्थान आपण आज सांगतो ते पुढच्या कांस्यामुळं. कांस्य आलं नसतं तर १९४८ कुणी लक्षात ठेवलं असतं? कंबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेला आपण डोक्यावर घेतलं ते पॅरिसहून पदक आणल्यावर. त्याआधीची त्याची वर्षं मला तरी ठाऊक नव्हती, तुम्हाला होती का? विदितचं हेलसिंकी अजून आलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं. आणि त्यानं तिशी ओलांडली.

हिशेबाची वही

बरोबर. आणि निकाली म्हणजे काय ते नागपूरच्या मुलीनं दाखवलं. जुलै २०२५, बाटुमी, महिलांचा विश्वचषक. दिव्या देशमुख स्पर्धेआधीच्या क्रमवारीत पंधरावी, वय १९. अंतिम सामन्यात कोनेरू हंपी. पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डाव बरोबरीत, दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी हंपीला हरवलं. विश्वचषक, आव्हानवीर स्पर्धेतली जागा आणि ग्रँडमास्टर किताब, तिन्ही एका झटक्यात. एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) खात्यात नसताना ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा कोण, हा प्रश्नच आता वेगळ्या पद्धतीनं विचारायला पाहिजे.

चहाटळ

नॉर्मशिवाय किताब म्हणजे वशिल्याचं तिकीट की हो!

अडीच घरं

चहाटळभाऊ, वशिला कसला? नेहमीचा रस्ता म्हणजे तीन नॉर्म आणि २५०० चं मानांकन. पण काही मोजक्या स्पर्धा जिंकल्या तर थेट किताब, हा नियम तिच्यासाठी काल केलेला नाही. वाटेत तिनं झू जिनर, हरिका आणि तान झोंगयी यांना बाहेर काढलं. या तिघींना हरवण्यापेक्षा नॉर्म सोपे असतील असं मला वाटतं.

मात्र हिशेबाची वही, दिव्या आणि विदितला एका तराजूत घालू नका, दोघांवर अन्याय होतो. महाराष्ट्रात २७०० पार केलेला विदितशिवाय दुसरा कुणी नाही. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, देशातले तिसरे. अभिजित कुंटे चौथे. ज्या काळात किताब मिळणं हेच शिखर होतं, तो काळ आणि आज पोरं दहाव्या वर्षी इंजिन लावून डाव तपासतात तो काळ, यांच्या मधल्या पुलावर विदित उभा आहे. त्याच्या मागून गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन धावत पुढे गेले, हे खरं. पण मागची पिढी पुढे गेली म्हणून मधला माणूस हरला, असं कसं? आणि वयाचं म्हणाल तर आनंद २००७ मध्ये मेक्सिकोत निर्विवाद जगज्जेता झाला तेव्हा तोही ३७ वर्षांचा होता. बोरिस गेल्फंड २०१२ मध्ये आनंदला आव्हान द्यायला बसला तेव्हा ४३ वर्षांचा. तिशीचं कारण तुम्ही द्यावं, हे काही पटलं नाही हो प्याद्या.

पेठेतलं प्यादं

गेल्फंड मी विसरलो होतो. ४३? बरं, तिशी परत घेतो. अबासोव मात्र परत घेणार नाही.

लाल मातीचा म्हातारा

नातू विचारतो, अबासोव कोण. मी सांगितलं, प्रत्येक पैलवानाचा एक असतो. माझा कागल भागातला होता. माझ्यापेक्षा वीतभर बुटका. दोनदा पाडलं त्यानं मला, जत्रेत, सगळ्या भावकीसमोर.

गंगावेसकर

आजोबा, रविवारी कट्ट्यावर या, दूध माझ्याकडनं. प्याद्या, तूपण ये. नाकामुराच्या डावातली अकराव्या चालीची मांडणी लावून ठेवतो. तू पांढरी घे, मी काळी, आनि वाचवून दाखव तुझा राजा. काळा एक घोडा हरवलाय, त्याच्या जागी चुन्याची डबी ठेवतो.

पेठेतलं प्यादं

येतो. हरणाऱ्यानं दुधाचे पैसे द्यायचे. आणि बरोबरीत सुटली तर?

अडीच घरं

तर डबी रिकामी करून ठेवा. मागच्या वेळी माझ्या एका विद्यार्थ्यानं घोडा उचलायच्या नादात झाकण उघडलं आणि पांढऱ्याचा वजीर पार चुन्यानं माखला.