फिलिप हेन्च यांचं नोबेल: वीस वर्षांच्या निरीक्षणाला की तीन दिवसांच्या चमत्काराला?

गोळीमागची_गोष्ट (धागाकर्ता)

'स्टेरॉइड म्हणजे विष, आणि ते आणणाऱ्या डॉक्टरला नोबेल देणं ही निव्वळ घाई होती,' असं एका चर्चेत कुणीतरी ठोकून दिलं होतं. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

डॉक्टर म्हणजे फिलिप हेन्च. १८९६ साली पिट्सबर्गला जन्म, १९२३ पासून मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये, १९२६ ला तिथल्या संधिवात विभागाचे प्रमुख, १९४७ ला प्राध्यापक. त्या काळी आमवाताकडे (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) बघायचा दृष्टिकोन असा की एकदा सांधे धरले की माणूस आयुष्यातून उठला. अ‍ॅस्पिरिन द्या, सोन्याची इंजेक्शनं द्या, शेका आणि घरी पाठवा. हुशार पोरं या शाखेकडे फिरकत नसत.

१९२९ साली आमवाताच्या एका पेशंटला, जो स्वतः डॉक्टर होता, कावीळ झाली आणि सांधे एकदम मोकळे झाले. कावीळ गेल्यावरही काही आठवडे आराम टिकला. दुसऱ्या कुणी 'असतं एकेकाचं' म्हणून सोडून दिलं असतं. हेन्च यांनी तसेच पेशंट शोधायला सुरुवात केली. पुढे लक्षात आलं की गरोदरपणातही बायकांचा आमवात निवतो आणि बाळंतपणानंतर परत उठतो. खरी बुद्धी इथे दिसते. कावीळ पुरुषांनाही होते, म्हणजे निव्वळ स्त्रियांचं संप्रेरक नव्हे. गरोदर बाईला कावीळ नसते, म्हणजे पित्तही नव्हे. दोन्हीकडे शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असणार. त्याला त्यांनी नाव दिलं 'सबस्टन्स एक्स'. आणि मुख्य म्हणजे, आमवात मागे फिरू शकतो, हे तेव्हा कुणी मानत नव्हतं.

मेयोतच रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल अधिवृक्क ग्रंथीतून (मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी) एकेक संयुग वेगळं करत होते. दोघांचं बोलणं झालं आणि १९४१ च्या जानेवारीत हेन्च यांनी वहीत टिपून ठेवलं की केंडल यांचं 'संयुग ई' आमवातावर वापरून बघायचं. वापरायला मिळालं सप्टेंबर १९४८ मध्ये! मधल्या काळात ते हातात येण्याइतकं तयारच होत नव्हतं. त्याचंच नाव पुढे कॉर्टिसोन, म्हणजे चर्चेतलं ते स्टेरॉइड. १९५० ला हेन्च, केंडल आणि त्याच ग्रंथीच्या संप्रेरकांवर काम करणारे स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पहिल्या इंजेक्शनपासून मोजलं तर दोन वर्षं, पहिल्या निरीक्षणापासून मोजलं तर एकवीस. घाई कुठे दिसते तुम्हाला?

शंकासुर

असहमत. गोष्ट छान रंगवलीत, पण गैरसोयीचं तेवढं गाळलंत.

एक तर ही 'निरीक्षणं' नुसती खाटेशेजारी बसून केलेली नव्हती. हेन्च यांनी पेशंटना कावीळ झालेल्या माणसांचं रक्त चढवून पाहिलं, पित्त देऊन पाहिलं. १९४८ ची ती पहिली पेशंट, २९ वर्षांची बाई, रुग्णालयात होती ती लॅक्टोफेनिन नावाचं औषध देऊन मुद्दाम कावीळ घडवण्याच्या प्रयोगासाठी. तो फसला. बाई म्हणाली, बरी झाल्याशिवाय मी जाणार नाही, तेव्हा मर्क कंपनीकडून 'संयुग ई' मागवलं गेलं. २१ सप्टेंबरला रोज १०० मिलिग्रॅमप्रमाणे सुई सुरू झाली आणि आठवडाभरात बाई बाजारात खरेदी करून आली.

मग एप्रिल १९४९ ला जगासमोर मांडलं ते किती पेशंटवर? १४. तुलनेला दुसरा गट नाही. सोबत 'आधी आणि नंतर'चा चित्रपट, लंगडणारी माणसं पायऱ्या चढताना. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येणारच. सुई थांबवली की दुखणं परत, चालू ठेवली की चंद्रासारखा गोल चेहरा, ठिसूळ हाडं, साखर, काहींना चक्क वेड. हे सगळं कळायच्या आत नोबेल देऊन मोकळे! आणि १९५४ ला ब्रिटनमध्ये नीट चाचणी झाली, ६१ पेशंट, निम्म्यांना कॉर्टिसोन, निम्म्यांना साधं अ‍ॅस्पिरिन. वर्षाअखेर दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. बोला आता.

निवांत_एमडी

शंकासुर, ती चाचणी खरी आहे, पण तिथेच गोष्ट थांबवता येत नाही. ती आमवाताच्या सुरुवातीच्या पेशंटवर होती, आणि १९९५ ला ब्रिटनमध्येच १२८ पेशंटवर दुसरी झाली: रोज फक्त ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (कॉर्टिसोनच्याच घराण्यातलं स्टेरॉइड), दोन वर्षं. सांध्यातलं हाड झिजण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं. म्हणजे औषध खोटं नव्हतं, डोस राक्षसी होता. पण सुरुवातीला तो कमी ठेवला असता तर कदाचित काहीच दिसलं नसतं आणि विषय तिथेच मिटला असता. इथे हेन्च यांना नशिबानं हात दिला हे मान्य.

आणि एक. कॉर्टिसोननं रोग बरा होत नाही हे हेन्च स्वतः सांगत होते. 'चमत्कार' हा शब्द वर्तमानपत्रांचा.

रसायनी

तुम्ही दोघंही डॉक्टरांवरच भांडताय! मर्कचा रसायनशास्त्रज्ञ लुई सॅरेट यानं बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून सुरुवात करून तीसहून अधिक पायऱ्यांनी हे औषध बनवलं, म्हणून त्या बाईला सुई मिळाली. ग्रॅमला २०० डॉलर भाव होता. १९५२ ला अपजॉन या औषध कंपनीच्या लोकांनी एका बुरशीकडून मधली अवघड पायरी करून घेतली तेव्हा ते गरिबाच्या आवाक्यात यायला लागलं. सॅरेटचं नाव नोबेलमध्ये कुठे आहे? घाईचं माहीत नाही, अन्याय म्हणाल तर हा.

(अवांतर: युद्धकाळात अमेरिकी सरकारनं या संशोधनाला जोर लावला तो जर्मन वैमानिक अधिवृक्काचा अर्क घेऊन उंचावर उडतात या अफवेमुळे. विज्ञान असंही पुढे सरकतं.)

पेशंटची_लेक

आई आमवाताची पेशंट. गावाकडे कुणाकडून तरी 'जडीबुटीच्या' पुड्या आणून खायची. दोन महिने पळत होती नुसती. मग चेहरा सुजला, साखर चढली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच सांगितलं, पुडीत स्टेरॉइड आहे. आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं नेहमीचं औषध, स्टेरॉइड नव्हे) आणि अगदी थोडं प्रेडनिसोलोन, तेही कमी करत आणलंय. तेच औषध, पण एकदा चोरून आणि एकदा मोजून. हेन्च यांना दोष कशाबद्दल द्यायचा ते मला कळत नाही.

शंकासुर

ताई, तुमच्या आईंच्या बाबतीत पुडीवालाच गुन्हेगार. पण 'पहिल्याच सुईत पळायला लागला' ही मोहिनी आली कुठून? त्या चित्रपटातूनच. २०२१ ला कोविडच्या लाटेत म्युकरमायकोसिसनं (काळ्या बुरशीच्या आजारानं) माणसांचे डोळे काढावे लागले, त्यात बेसुमार स्टेरॉइडचाही हात होता.

निवांत_एमडी

आणि २०२० ला ब्रिटनमधल्या चाचणीत रोजच्या ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोननं व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, तेही याच घराण्यातलं औषध. आपल्याकडे ते सौम्य तापालाही वाटलं गेलं. १९४९ चा चित्रपट बघून नव्हे.

गोळीमागची_गोष्ट

सॅरेटबद्दल रसायनींशी सहमत. मात्र नोबेलच्या रकमेतून सेंट मेरीज रुग्णालयातल्या सिस्टर पँटेलियन यांना रोमला जायला पैसे दिले ते हेन्च यांनीच. आपल्या कामात कुणाचा हात आहे याची जाण या माणसाला होती. जन्मतः टाळू फाटलेली, बोलण्यात दोष, तरीही आयुष्यभर शिकवत राहिले.

शंकासुर, तुलनेच्या गटाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ती गाजलेली यादृच्छिक चाचणी (कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली) छापून आली तीच मुळात १९४८ ला. त्या मोजपट्टीनं तेव्हाचे किती डॉक्टर पास होतील?

शंकासुर

मोजपट्टीचं सोडा. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची समजून-उमजून संमती हवी, असं सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची. त्यानंतर वर्षानं मुद्दाम कावीळ घडवायचा प्रयोग चालू होता. त्या बाईला नेमकं काय सांगितलं होतं, यावर तुमच्यापैकी एकानंही चकार शब्द काढलेला नाही.