उंदरांना औषध लागू पडलं म्हणतात, मग आमच्या पोराला का नाही?

रंकाळाकाठ:
धाकट्या बहिणीचा मुलगा सात वर्षांचा आहे. उशिरा बोलला, हात फडफडवतो. विसर्जनाला महाद्वार रोडवर डॉल्बी सुरू झाला की कान दाबून खालीच बसतो. रक्ततपासणीत फ्रॅजाइल एक्स निघालं. मेहुण्यांनी वाचलंय, याच आजाराचे उंदीर औषधानं सुधारले. मग माणसाला का देत नाहीत? आणि बहिणीचं लग्न आतेभावाशी झालंय. त्यामुळंच हे झालं असं सासरचे म्हणतात. खरं आहे का?

पेठेतला:
ताई, औषध असतंय. कंपन्या दाबून ठेवतात. सगळा पैशाचा खेळ.

गडहिंग्लजकर:
दाबून ठेवलं नाही हो, देऊन बघितलं. मी बेंगळुरूला प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचं काम करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या आजाराचं एफएमआर-१ हे जनुक १९९१ मध्ये सापडलं. त्यात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ती दोनशेच्या वर गेली की जनुक गप्प होतं आणि मेंदूला लागणारं एक प्रथिन बनत नाही. १९९४ ला ते जनुक मोडलेला उंदीर तयार झाला. तुमच्या पोराचा डॉल्बी वाचून मला तोच आठवला. या उंदरांजवळ जोरात घंटा वाजवली तर त्यांना झटके येतात. मेंदूतल्या पेशींवर संदेश घेणारा एमग्लूआर-५ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, तो औषधानं अडवला की झटके थांबतात. मेहुण्यांनी वाचलं ते हेच असणार.

पुढं त्याच जातीचं मॅव्होग्लुरंट हे औषध किशोरवयीन आणि मोठ्या रुग्णांना दिलं. २०१६ मध्ये निकाल छापून आले: तुलनेसाठी औषध म्हणून दिलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा वागण्यात जास्त फरक नाही.

माझ्या मते गोची मोजण्यात आहे. उंदीर भुशात काचेच्या गोट्या किती पुरतो ते मोजायचं आणि त्याला 'तेच तेच करणं' म्हणायचं. माणसात घरच्यांनी भरलेली प्रश्नावली. आशेवर असलेल्या आईला साखरेच्या गोळीनंही पोरगं सुधारल्यासारखं वाटतं, त्यात तिचा काय दोष? शिवाय प्रयोगातले उंदीर भावाबहिणींच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या एकसारखे केलेले, माणसं तशी नसतात. आणि उंदरात जनुक मोडलेलं आहे. तुमच्या पोरात ते शाबूत आहे, फक्त बंद पडलंय. बंद जनुक उघडणारं औषध त्या उंदरावर तपासताच येत नाही.

म्हणून उंदीर फुकट गेले असं मी म्हणणार नाही. रेट हा मेंदूचा वेगळा आजार आहे, तोही जनुकातल्या बिघाडाचा. २००७ मध्ये एडिनबराच्या एड्रियन बर्ड यांच्या गटानं आजारी पडलेल्या मोठ्या उंदरांत त्या आजाराचं बंद ठेवलेलं जनुक पुन्हा चालू केलं आणि ते सुधारले. असा मेंदू कायमचा बिघडलेला नसतो, हे माणसावर प्रयोग करून कुणी शोधलं असतं?

लग्नाचं म्हणाल तर सासरच्यांना सांगा, मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं. हे जनुक एक्सवर आहे आणि त्याचं एक्स आईकडून येतं, म्हणजे आतेभाऊ असो की परका, फरक पडत नाही. (नात्यातल्या लग्नाचा धोका दुसऱ्या काही आजारांत असतो, तो खराच.) पण म्हणून बहिणीला बोल लावू नका. तिच्यात सीजीजी थोडी वाढलेली असणार, तीही तिला आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेली. वडिलांकडून आली असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलीत असते. ताई, तुमचीही तपासणी करून घ्या.

रंकाळाकाठ:
वडिलांचा हात हल्ली थरथरतो, चालताना तोल जातो. आम्ही वयाचं समजत होतो. त्याचा काही संबंध?

गडहिंग्लजकर:
असू शकतो. अशी थोडी वाढलेली सीजीजी असलेल्या काही पुरुषांना पन्नाशीनंतर असा त्रास होतो. मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवा आणि नातवाचा रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर कुणाच्या डोक्यात येणार नाही.

रंकाळाकाठ:
माझी मुलगी बारावीला आहे. तिचंही रक्त आत्ताच द्यायचं का?

गडहिंग्लजकर:
आधी तुमचं. तुमच्यात नसेल तर तिला तुमच्याकडून यायचा प्रश्नच नाही. असेल तर तिची परीक्षा होऊ दे, मग जनुकीय समुपदेशकासमोर तिला बसवून, तिला विचारूनच करा.